चार मशीन तीनपेक्षा भारी नसतात

"क्लस्टर जास्त सेफ करायचाय ना, मग तीनाच्या जागी चार कंट्रोल मशीन लाव." हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी यावर नीट लिहायचंच असं ठरवलं. ऐकायला एकदम पटतं, पण कुबर्नेटिस या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते चूक आहे, आणि ते का चूक आहे यामागचं गणित मला प्रचंड आवडतं.

आधी थोडक्यात. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेला डबा. असे शेकडो डबे वीस-तीस मशीनवर (एकत्र काम करणाऱ्या या मशीनच्या गटालाच क्लस्टर म्हणतात) पसरले की कुठला कुठे चालवायचा, पडला तर परत कोण उठवणार, हे हाताने जमत नाही. गूगलने स्वतःच्या बोर्ग नावाच्या सिस्टिमच्या अनुभवावरून २०१४ मध्ये कुबर्नेटिस सगळ्यांसाठी खुलं केलं ते याच कामासाठी, नावही ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आता या सुकाणूवाल्याची सगळी स्मरणशक्ती, म्हणजे काय कुठे चालू असायला हवं त्याची नोंद, एटसीडी नावाच्या एका डेटाबेसमध्ये असते. तो एकाच मशीनवर ठेवला आणि ते गेलं तर सगळंच गेलं, म्हणून त्याच्या प्रती तीन कंट्रोल मशीनवर, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या मशीनवर, ठेवतात. पण मग तिघांचं एकमत कसं करायचं?

इथे राफ्ट येतो. स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली ही पद्धत, आणि मुद्दाम समजायला सोपी व्हावी म्हणून बनवलेली. एक जण लीडर, बाकीचे त्याचं ऐकणारे. नवीन नोंद आली की लीडर ती सगळ्यांना पाठवतो, आणि निम्म्यापेक्षा जास्त जणांनी "डिस्कवर लिहिली" असं सांगितलं की मगच ती पक्की. सगळ्यांची वाट बघायची नाही, फक्त बहुमताची. आता गंमत बघा, पाच जणांतून कुठलेही तीन निवडा, मग परत कुठलेही तीन निवडा, दोन्ही गटांत निदान एक तरी माणूस सारखा येणारच, कारण तीन आणि तीन सहा होतात आणि माणसं पाचच आहेत. बस, सगळी सुरक्षितता या एका सामायिक माणसावर उभी आहे. नोंद एका बहुमताने लिहिली, नंतर लीडर मेला, नवा लीडर दुसऱ्या बहुमताच्या मतांनी निवडून आला, तरी त्या मतदारांत ती नोंद माहीत असलेला एक जण असतोच, आणि ज्याची वही आपल्यापेक्षा मागे आहे त्याला मत द्यायचं नाही असा राफ्टचा नियमच आहे, त्यामुळे पक्की झालेली नोंद विसरलेला लीडर निवडूनच येऊ शकत नाही.

आता चाराकडे या. तीनाचं बहुमत २, म्हणजे एक मेलं तरी चालतं. चाराचं बहुमत ३, म्हणजे परत एकच मेलेलं चालतं! पैसे जास्त, सहनशक्ती तेवढीच. उलट मधलं नेटवर्क तुटून दोन-दोनचे गट पडले तर कुणाकडेच तीन नाहीत, दोन्हीकडचं काम ठप्प. तीनामध्ये असे गट पडले तर दोनवाली बाजू चालू राहते. दोघांचं मरण सहन करायचं असेल तर सरळ पाच लावा.

इन्स्टॉल करताना अजून एक गोष्ट, जी मी स्वतः अनुभवली. सरावासाठी तीन व्हर्च्युअल मशीन केली, पण तिन्ही एकाच जुन्या डिस्कवर. रोज रात्री बॅकअप सुरू झाला की लीडर बदलायला लागायचा, लॉगमध्ये ओळ यायची, "लीडर फेल्ड टू सेंड आऊट हार्टबीट ऑन टाइम". डिफॉल्टला लीडर दर १०० मिलिसेकंदांनी "मी जिवंत आहे" सांगतो आणि साधारण १००० मिलिसेकंद काहीच ऐकू आलं नाही की बाकीचे निवडणूक लावतात. नेटवर्क व्यवस्थित होतं, डिस्कच दमलेली होती. कागदावर तीन, प्रत्यक्षात एकच, कारण डिस्क गेली असती तर तिन्ही एकदम गेली असती.

अपग्रेडलाही हेच गणित लागतं. कुबर्नेटिसच्या १.३० आवृत्तीवरून थेट १.३२ वर उडी मारता येत नाही, मधलं १.३१ करावंच लागतं, आणि कंट्रोल मशीन एकेक करून घ्यायची. तीनातलं एक अपग्रेडसाठी खाली आहे तेव्हा उरलेल्या दोघांपैकी एकही गमावणं परवडत नाही, म्हणून आधी तिन्ही धडधाकट आहेत ना ते बघायचं, एटसीडीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) काढून क्लस्टरच्या बाहेर ठेवायचा, आणि पहिलं पूर्ण परत आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आणि बहुमत गेलंच तर? क्यूबसीटीएल (क्लस्टरला हुकूम द्यायची कमांड) उत्तर देत नाही, लोक घाबरतात आणि सगळं रीस्टार्ट मारत सुटतात. रीस्टार्ट हा मंत्र नाहीये, कारण न बघता मारलेला रीस्टार्ट गेलेलं बहुमत परत आणत नाही. उलट चालू असलेले कंटेनर अशा वेळी चालूच असतात, फक्त नवीन बदल होत नाहीत आणि एखादं मशीन पडलं तर त्यावरचं काम दुसरीकडे जात नाही. म्हणून हात आवरा आणि आधी एटसीडीचे किती मेंबर, म्हणजे प्रती, जिवंत आहेत ते मोजा. क्यूबॲडम या इन्स्टॉल करायच्या साधनाने बसवलेला क्लस्टर असेल तर सर्टिफिकेटची (मेंबरच्या ओळखपत्रांची) तारीखही बघा, ती एका वर्षाने संपतात (अपग्रेड केलं की आपोआप नवी होतात), आणि संपली की मेंबर एकमेकांना ओळखत नाहीत, बाहेरून मात्र वाटतं नेटवर्कच तुटलंय.

तीनातलं एकच मशीन कायमचं गेलं असेल तर बहुतेकांचा पहिला विचार नवीन जोडायचा असतो. तसं करू नका. मेलेलं यादीत असतानाच चौथं जोडलं तर बहुमत ३ होतं आणि जिवंत असतात दोनच, नवीनाच्या पत्त्यात एक आकडा चुकला की सगळा क्लस्टर अडकतो (म्हणूनच एटसीडीत आता अशी विनंती आधी तपासून बघायची सोय डिफॉल्टला चालू असते). आधी मेलेल्याला काढा, यादीत दोन, बहुमत दोन, दोघंही जिवंत. मग नवीन जोडा, यादीत तीन, बहुमत तरीही दोनच, आणि नवीन उठायला अर्धा तास लागला तरी काम चालू राहतं.