गोव्यात इंग्रजी घेऊन बी.ए. : पात्रता, कागदपत्रं आणि मेजर-मायनरचा रकाना

बारावीचा निकाल लागला की डिचोली-सत्तरीकडची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: प्राथमिक शाळा मराठीतून झाली, तर इंग्रजी घेऊन बी.ए. जमेल का? जमतं. आपल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. पाचवीपासून इंग्रजी माध्यमाशी गाठ पडलेली कितीतरी मुलं पुढे इंग्रजी साहित्यात एम.ए. झाली आहेत. पात्रतेच्या नियमांत प्राथमिकचं माध्यम कुठे येतच नाही.

पात्रता साधी आहे. गोवा बोर्डाची बारावी किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण हवी. शाखा कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही चालते. विज्ञानाची मुलं बिचकत विचारतात, म्हणून मुद्दाम सांगते. प्रवेश महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीनुसार मिळतो. राखीव जागांसाठी जातीचा दाखला लागतो, आणि ओबीसींना त्यासोबत नॉन-क्रीमी लेयरचाही. हे दाखले मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता मे महिन्याआधीच अर्ज टाकून ठेवा.

महाविद्यालय निवडताना नुसतं नाव पाहू नका. मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही दोन्ही १९६२ पासूनची. म्हापशाला सेंट झेवियर्स आहे. खांडोळा, साखळी, केपे इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. छोट्या महाविद्यालयात इंग्रजीच्या वर्गात मुलं थोडी असतात. तुमचा निबंध बाई स्वतः वाचतात आणि बोलावून घेऊन त्यावर बोलतात. मानव्यविद्येत शिकणं म्हणजे मुळात हेच, असं मला वाटतं. मात्र कुठे इंग्रजी मेजर, म्हणजे मुख्य विषय, आहे आणि जोडीला कोणते मायनर, म्हणजे जोडविषय, मिळतात, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच अर्ज भरा.

खरी निवड होते ती मेजर-मायनरच्या रकान्यात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून गोव्यात पदवी चार वर्षांच्या आराखड्यात आली. अभ्यास आता क्रेडिटमध्ये मोजतात: वर्षाला ४० क्रेडिट. तीन वर्षांनी १२० क्रेडिट झाले की नेहमीची बी.ए.; चौथं वर्ष केलंत तर १६० क्रेडिट आणि ऑनर्स पदवी. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलेल्यांना पुढे एम.ए. एका वर्षात करण्याची वाटही धोरणात आहे. मेजर-मायनरशिवाय इतर शाखेतला एखादा विषय, भाषा, कौशल्य आणि मूल्यशिक्षण असे छोटे अभ्यासक्रम असतात.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. मेजरमध्ये इंग्रजी लिहिलेलं, मायनरचा रकाना कोरा. 'जो मिळेल तो' असं खिडकीवर सांगायचं तिने ठरवलं होतं. मी तिला बसवलं आणि विचारलं, शाळेत कुठला तास संपूच नये असं वाटायचं? म्हणाली, इतिहासाचा. इतिहास तिथे मायनर होता. मग इंग्रजी आणि इतिहास! गोव्यातल्या मुलीला याहून चांगली जोडी कुठली? मराठी, कोकणी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा चार भाषांतले कागद इथे हाताशी आहेत. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय तर १८३२ पासूनचं. तो रकाना कोरा ठेवला असता, तर जागा उरलेला विषय गळ्यात पडला असता. मेजर पहिल्या वर्षानंतर बदलता येतो, अशी तरतूद यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात आहे, पण ती व्यापक विद्याशाखेच्या, म्हणजे जवळच्या विषयांच्या गटाच्या, आतच.

आता कागदपत्रं. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, पासपोर्ट साइझचे फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. फी सवलत किंवा शिष्यवृत्ती हवी असेल, तर उत्पन्नाचा दाखला. मूळ प्रती एका फायलीत आणि झेरॉक्सचे तीन संच वेगळे ठेवा. एबीसी आयडीही लागतो, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्याचा क्रमांक. तुमचे क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. डिजिलॉकरमधून तो दहा मिनिटांत निघतो, पण आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव तंतोतंत जुळलं तरच.

गोव्यात घोडं अडतं ते इथेच. एकाच घरात वडिलांच्या कागदावर नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने 'क्यू' घालून लिहिलेलं असतं आणि मुलीच्या गुणपत्रिकेवर साधा 'के'. गावकरचंही तसंच, कुठे 'सी', कुठे 'के'. कुठे मधलं नावच गायब. त्यामुळे सगळे कागद आजच टेबलावर ओळीने मांडा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधारमधली चूक आधार केंद्रात दुरुस्त होते, गुणपत्रिकेतली शाळेमार्फत बोर्डात. नावच बदलायचं असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. ते काम निबंधकाकडे जातं आणि आठवड्यात होत नाही.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची मुलं महाराष्ट्र बोर्डाची. त्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे बोर्ड सोडल्याचा दाखला, लागतो आणि तो रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळातून येतो. निकाल लागल्याच्या आठवड्यातच मागणी करा.

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून मिळतो. साध्या बी.ए. प्रवेशापेक्षा तो राज्याच्या योजनांसाठी जास्त लागतो, उदाहरणार्थ गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज. अनुसूचित जमातीच्या मुलांनी आदिवासी कल्याण खात्याच्या 'गगन भरारी' योजनेची चौकशी जरूर करावी.

काहींना पुण्याच्या फ्लेमसारखं खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठ, म्हणजे अनेक विद्याशाखांचे विषय एकत्र शिकवणारं, खुणावतं. तिथली प्रक्रिया वेगळी: स्वतःची प्रवेश परीक्षा, निबंध, मुलाखत. अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होतात, म्हणून अकरावीच्या सुट्टीतच तयारी हवी. फी मोठी असते. आर्थिक मदतीसाठी आईवडिलांची उत्पन्नाची कागदपत्रं मागतात. कुठल्याही खासगी विद्यापीठाचं नाव पैसे भरण्याआधी यूजीसीच्या यादीत शोधा.

प्रवेश पक्का झाल्यावर रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, विद्यार्थ्याने आणि पालकाने दोघांनी, दरवर्षी. त्याची प्रिंट आणि फीची पावती त्याच फायलीत घाला. शिष्यवृत्तीच्या वेळी पहिल्यांदा पावतीच मागतात.