६४ बाइटांचा हिशेब

दोन पूर्णांकांची बेरीज प्रोसेसर एका क्लॉक सायकलमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या एका ठोक्यात, उरकतो. मात्र त्यांतला एखादा आकडा मुख्य मेमरीतून यायचा असेल, तर प्रोसेसरला दोनशेच्या आसपास सायकली ताटकळावे लागते. ही तफावत झाकण्यासाठी त्याच्या पोटातच कॅश नावाची छोटी, अतिवेगवान मेमरी बसवलेली असते. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ही कल्पना शोधनिबंधात मांडली आणि आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकातून ती बाजारात आली.

कॅशमध्ये सुटा आकडा येत नाही. बहुतेक प्रोसेसर एका वेळी सलग ६४ बाइट उचलतात. या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात. आपल्याला ४ बाइट हवे असले तरी उरलेले ६० सोबत येतातच, आणि ते पुढे कामी येणार की फुकट जाणार, हे आपण माहिती कशी रचली आहे त्यावर ठरते.

समजा, हवामानाच्या १० लाख नोंदी आहेत. ठिकाण, वेळ, तापमान, आर्द्रता धरून प्रत्येक नोंद ६४ बाइटांची, आणि त्यात तापमानाचे फक्त ४ बाइट. नोंदी एकामागोमाग एक ठेवल्या, तर सरासरी तापमानासाठी ६ कोटी ४० लाख बाइट मेमरीतून ओढावे लागतात. तापमानांचा स्वतंत्र ॲरे, म्हणजे मेमरीत सलग ठेवलेली यादी, केला, तर एका लाइनमध्ये १६ तापमाने मावतात आणि ४० लाख बाइटांत काम भागते. सूत्र तेच, उत्तर तेच, वाहतूक मात्र सोळाव्या हिश्शावर येते. अर्थात, कुठलीही एक नोंद पूर्ण वाचायची असेल, तर हीच विभागणी महागात पडते, कारण प्रत्येक रकान्यासाठी वेगळी लाइन आणावी लागते. म्हणून कोणते रकाने एकत्र वाचले जातात, हे आधी पाहावे. अल्गोरिदमची गुंतागुंत, म्हणजे माहिती वाढली की त्याच्या पायऱ्या किती वाढतात, हे आपण जितक्या अगत्याने शिकवतो, तितक्याच अगत्याने हा विचारही शिकवला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

वाचण्याच्या क्रमाचेही तसेच आहे. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत द्विमितीय ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, ओळीओळीने साठवला जातो, फोर्ट्रानमध्ये स्तंभास्तंभाने. सीमध्ये ८ बाइटांच्या आकड्यांचा ४०९६ × ४०९६ ॲरे स्तंभाने वाचला, तर लागोपाठच्या दोन आकड्यांत ३२ किलोबाइटांचे अंतर पडते. प्रत्येक आकड्यासाठी नवी लाइन येते आणि तिच्यातल्या बाकीच्या ७ आकड्यांची पाळी येईपर्यंत ती पहिल्या पातळीच्या, म्हणजे सर्वांत जवळच्या आणि छोट्या, कॅशमधून हुसकली गेलेली असते. कोडमधल्या एकात एक असलेल्या दोन लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या सूचनांच्या, ओळींची अदलाबदल केली की हा सगळा खर्च वाचतो.