नवसागर, नत्र आणि केळीचा वास

जळगाव-धुळ्याच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून असतेच: 'गावठी हातभट्टीवर छापा, कच्चे रसायन नष्ट.' जप्त मालात गूळ असतो, सातपुड्याकडे मोहफुलं असतात आणि बऱ्याचदा नवसागरही असतो. गुळाचं समजतं, साखरेची दारू होते. पण कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो तो नवसागर इथे कशाला? 'दारू कडक व्हावी म्हणून' असं उत्तर मिळतं. रसायनशास्त्राचं उत्तर वेगळं आहे.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि अमोनियममध्ये असतं नत्र. साखरेची दारू करतं ते यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. साखरेतून यीस्टला ऊर्जा मिळते, पण नवी पेशी उभी करायची तर प्रथिनं हवीत, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं हवीत आणि अमिनो आम्लांसाठी नत्र. गुळाच्या पाण्यात साखर मुबलक, नत्र मात्र तुटपुंजं. मळीपासून अल्कोहोल काढणारे कारखानेसुद्धा टाकीत युरिया किंवा डीएपी टाकतात, तेच जे आपण कापसाला देतो. (यामुळे हातभट्टीची दारू निर्धोक ठरत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

पाव फुगवणारं आणि दारू आंबवणारं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, साखर, अमोनियम आणि थोडे क्षार-जीवनसत्त्वं मिळाली की प्रथिनांची २० अमिनो आम्लं स्वतःच बनवतं. माणसाला त्यातली ९ खाण्यातूनच घ्यावी लागतात. पण बनवता येतात म्हणून ते बनवत बसत नाही. आयती मिळाली की तीच उचलतं, कारण बनवण्यात ऊर्जा जाते. भरपूर अमिनो आम्लांच्या पाण्यात त्याची संख्या साधारण दीड तासात दुप्पट होते. नुसत्या अमोनियमवर वेळ जास्त लागतो.

अमिनो आम्लांतही त्याची आवडनिवड आहेच. ग्लुटामिन, अस्पॅराजिन असेपर्यंत प्रोलिनकडे ते ढुंकून पाहत नाही. शिवाय प्रोलिन फोडायला ऑक्सिजन लागतो आणि बंद टाकीत तो कुठला? म्हणून द्राक्षरसातलं बरंचसं प्रोलिन वाइनमध्ये तसंच उरतं. लायसिनची तर गंमतच आहे: नत्रासाठी फक्त लायसिन दिलं तर हे यीस्ट वाढतच नाही, इतर बरीच जंगली यीस्ट मात्र वाढतात. बिअरवाले ही खोड कामाला लावतात. लायसिनच्या बशीवर काही उगवलं, की टाकीत कुणीतरी परका शिरला आहे हे कळतं.

नत्र संपत आलं की नाकाला आधी कळतं. यीस्ट सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं आणि ते मेथिओनिन, सिस्टीन या अमिनो आम्लांत बसवतं. ज्या सांगाड्यावर ते बसवायचं त्यालाच नत्र लागतं. सांगाडा नसला की सल्फाइड हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं, आणि टाकीला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. म्हणून वाइन करणारे द्राक्षरसात लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅम तरी वापरण्याजोगं नत्र आहे ना, हे आधीच तपासतात.

मला सगळ्यात आवडतो तो भाग यापुढचा, आणि तो थेट रावेर-यावलच्या केळीशी जाऊन भिडतो. १९०७ मध्ये फेलिक्स एर्लिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की यीस्ट अमिनो आम्लातलं नत्र काढून घेतं आणि उरलेला कार्बनचा भाग अल्कोहोल करून टाकून देतं. ल्युसिनचं नत्र काढलं, कार्बन डायऑक्साइड गेला, की शेवटी हाती येतं आयसोअमाइल अल्कोहोल. त्याला अ‍ॅसिटेट जोडलं की आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे पिकल्या केळीच्या वासातला मुख्य पदार्थ. केळंही पिकताना तो ल्युसिनपासूनच बनवतं. म्हणून केळीचा कणही न घातलेल्या जर्मन गव्हाच्या बिअरला केळीचा वास येतो. फेनिलअ‍ॅलनिन याच वाटेने गेलं तर गुलाबाचा वास देतं.

जपानमध्ये तांदळाच्या साके या दारूत हा सुवास वाढवायला एक नामी युक्ती काढली गेली. ट्रायफ्लुरोल्युसिन नावाचा पदार्थ ल्युसिनसारखाच दिसतो, पण यीस्टला घातक असतो. तो पाहून पेशी फसते, पुरेसं ल्युसिन आहे असं समजून स्वतःचं उत्पादन थांबवते, आणि हा तोतया प्रथिनांत जाऊन बसतो. लाखो पेशींना हे विष पाजलं तर जगतात त्या मोजक्याच. त्यांच्यातल्या काहींत ल्युसिन थांबवणारी कळच बिघडलेली असते. त्या इतकं ल्युसिन बनवतात, की तोतयाला जागाच मिळत नाही. नेमक्या अशाच पेशी निवडून वाढवायच्या. जास्तीच्या ल्युसिनबरोबर आयसोअमाइल अल्कोहोल वाढतं, त्यापाठोपाठ अ‍ॅसिटेट, आणि साकेला केळीचा वास चढतो.