लहान मुलाच्या कर्करोग उपचारासाठी सरकारी मदत: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

मूल आजारी आहे हे कळल्यावर आई-वडिलांचे सगळे लक्ष मुलाकडे लागते आणि ते तसेच लागायला हवे. पण लहान मुलांच्या कर्करोगात उपचार आणि कागदपत्रे ही दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून बरोबरीने सुरू करावी लागतात. याचे कारण असे की मदतीच्या जवळजवळ सर्व योजनांचा मूळ नियम एकच आहे: मंजुरी आधी, खर्च नंतर. आत्ता उसनवारी करून पैसे भरू आणि पुढे सरकारकडून परत घेऊ, या भरवशावर राहिलेल्या कुटुंबाला बहुतेक वेळा नकारच ऐकावा लागतो.

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, अर्थात रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे काही महिने केमोथेरपीचे मोठे डोस, पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी इंजेक्शने आणि सततच्या रक्ततपासण्या असतात. पुढचा देखभालीचा टप्पा मुख्यतः तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा असतो, पण त्यातही ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जाऊन काउंट (रक्तातील पेशींचे प्रमाण) तपासून घ्यावे लागतात. त्यामुळे कागदपत्रांचे काम एकदा करून संपत नाही. योजनेचे वर्ष बदलते, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, औषधांचा टप्पा बदलला की नवी मंजुरी लागते, आणि हे सगळे करणारी माणसे तीच असतात, जी सकाळी लवकर मुलाला उपाशीपोटी तपासणीच्या रांगेत घेऊन उभी असतात.

आधी घरातच कामाची वाटणी करावी

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे उपचारासाठी आलेल्या कुटुंबात बहुधा आई मुलासोबत राहते, वडील कामधंद्यासाठी गावी ये-जा करतात आणि मोठे भावंड आजी-आजोबांकडे असते. अशा घराने कागदांचे सरळ दोन भाग करावेत. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जन्मदाखला हे गावचे कागद असून ते वडिलांनी किंवा काका-मामांनी पाहावेत. निदानाचा अहवाल, डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक, समाजसेवा विभागाचे पत्र आणि सवलतीची प्रमाणपत्रे हे रुग्णालयाचे कागद असून ते मुलाजवळ राहणाऱ्या व्यक्तीने सांभाळावेत. मूळ कागद एका फायलीत, झेरॉक्सचे चार-पाच संच दुसऱ्या फायलीत आणि सर्वांचे स्पष्ट फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असावेत. मूळ प्रत कोणत्याही खिडकीवर कायमची देऊ नये. ती दाखवावी आणि परत घ्यावी.

मुलाच्या नावाचे कागद: बहुतेक अडचणी येथेच येतात

वय लहान असल्यामुळे मुलाचे नाव अनेकदा शिधापत्रिकेवर चढवलेले नसते, आधार काढलेले नसते आणि जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने जन्माची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, आणि दाखला तेथूनच आणावा लागतो. नोंदीत नाव नसेल तर ते नंतरही घालता येते: जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. माहेरच्या कोणा जबाबदार माणसाला हे काम पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे.

पाच वर्षांखालील मुलाचे बाल आधार बोटांचे ठसे न घेता, आई किंवा वडिलांच्या आधाराशी जोडून काढता येते. पाच वर्षे पूर्ण झाली की ठसे व डोळ्यांची नोंद देऊन ते अद्ययावत करावे लागते. हे काम शक्यतो केमो सुरू होण्यापूर्वी किंवा काउंट चांगले असताना करावे, कारण उपचारांच्या काळात आधार केंद्राच्या गर्दीत मुलाला तासभर बसवणे संसर्गाच्या दृष्टीने योग्य नाही. आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. स्टिरॉइडमुळे मुलाचा चेहरा सुजतो, केमोमुळे केस जातात आणि जुन्या फोटोतले मूल ते हेच, असे परक्या माणसाला ओळखू येत नाही. म्हणून उपचार सुरू झाल्यानंतरचा, आई किंवा वडिलांसोबतचा एक फोटो रुग्णालयाच्या शिक्क्यासह फायलीत ठेवावा.

नावांमधील तफावतही तपासावी. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर घरातले लाडाचे नाव आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर घाईत लिहिलेले तिसरेच नाव, असे झाले तर मंजुरी अडते. केसपेपर काढतानाच आधारप्रमाणे अचूक नाव लिहून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्रातील कुटुंबाने सर्वप्रथम याच योजनेकडे वळावे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेली ही योजना पुढे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये झाली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे व अधिवास प्रमाणपत्रधारकही तिच्या कक्षेत आले. कर्नाटकातील बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बिदर या जिल्ह्यांमधील ८६५ मराठी भाषक गावांनाही तिचा लाभ देण्याचा निर्णय शासनाने घेतलेला आहे. ५ लाखांची मर्यादा संपूर्ण कुटुंबासाठी मिळून असते. त्याच वर्षी आजोबांची हृदयशस्त्रक्रिया योजनेतून झाली असेल, तर ती रक्कम त्यातून वजा होते. म्हणून शिल्लक किती आहे हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

अर्ज घरी बसून करायचा नसतो. योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो आणि नोंदणी तेथेच होते. शिधापत्रिका, तिचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक, मुलाचे आधार आणि आयुष्मान कार्ड काढलेले असल्यास ते, एवढे सोबत न्यावे. मुलाचे नाव शिधापत्रिकेवर नसल्यास जन्मदाखला, पालकांची शिधापत्रिका आणि पालकासोबतचा मुलाचा फोटो दाखवून नोंदणीबाबत विचारावे. मात्र पुढची वर्षे लक्षात घेता, गावी तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा मुंबईत शिधावाटप कार्यालयात नाव चढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात दिलेला बरा. नोंदणी झाल्यावर रुग्णालय बायोप्सी किंवा बोन मॅरोचा अहवाल आणि उपचारांची योजना जोडून पूर्वमंजुरी मागवते. केमोची मंजुरी टप्प्याटप्प्याने मिळते. त्यामुळे प्रत्येक सायकलच्या (केमोच्या ठरलेल्या फेरीच्या) आधी आरोग्यमित्राला भेटून पुढची मंजुरी आली का, हे विचारण्याची सवय ठेवावी. दाखल झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

रात्री अचानक दाखल करण्याची वेळ आली आणि कागद जवळ नसले, तरी तातडीच्या रुग्णांसाठी दूरध्वनीवरून सूचना देऊन उपचार सुरू करण्याची व कागद मागाहून सादर करण्याची सोय योजनेत आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण म्हणजे ताप. काउंट खाली असताना मुलाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला तर सकाळची वाट पाहता येत नाही, लगेच रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी शिधापत्रिका शोधण्यात एक मिनिटही घालवू नये. फाइल दाराजवळच्या पिशवीत, पाण्याची बाटली आणि मास्क यांच्या शेजारी कायमची ठेवलेली असावी. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर आहे.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी

मुख्यमंत्री सहायता निधीतून कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनसाठी मदत मिळते, परंतु तोच उपचार जन आरोग्य योजनेतून होत असेल तर अर्ज ग्राह्य धरला जात नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका, रुग्णाचे आधार, निदानाचे अहवाल, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि रुग्ण दाखल असतानाचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो अर्जासोबत द्यावा लागतो. लहान बाळासाठी आईचे आधार जोडावे. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणीकरण लागते. रक्कम पालकांच्या नव्हे, रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, आणि सुट्टी मिळाल्यानंतर केलेला अर्ज चालत नाही.

प्रधानमंत्री राष्ट्रीय सहायता निधीलाही जवळपास हेच कागद लागतात. तेथे विहित अर्ज, दोन फोटो, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि आजार व अंदाजे खर्च नमूद केलेले मूळ वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्लीला पाठवावे लागते. दोन्ही अर्जांसाठी उत्पन्नाचा दाखला सर्वांत वेळखाऊ ठरतो. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल घेऊन आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात अर्ज करावा आणि प्रयोजनाच्या रकान्यात वैद्यकीय उपचार असे स्पष्ट लिहावे.

धर्मादाय रुग्णालयांबाबत पालकांना फार कमी माहिती असते, याची खंत वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार, सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. अशा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका देऊन लेखी मागणी करावी आणि दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार द्यावी.

प्रवास आणि मुक्काम

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचार किंवा फेरतपासणीसाठी जाता-येता शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत मूळ भाड्यात १०० टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर द्यावे लागते. आरक्षण आणि सुपरफास्टचे शुल्क मात्र वेगळे भरावे लागू शकते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, आणि काउंट कमी असलेल्या मुलाला सर्वसाधारण डब्याच्या गर्दीतून नेण्यापेक्षा तो मार्ग निश्चितच चांगला. एसटीच्या भाड्यातील सवलतीची चौकशी जवळच्या आगारात करावी.

मुक्कामासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या कुटुंबाने समाजसेवा विभागाचे पत्र घेतल्याशिवाय बाहेर शोधाशोध करू नये, कारण बहुतेक ठिकाणी त्या पत्रावरच जागा मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार अनेक पिढ्यांच्या रुग्णांनी घेतला आहे. बाहेरगावच्या गरजू कुटुंबांतील मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचारांच्या काळात विनामूल्य राहण्याची सोय करते. तेथे कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि स्वतःचा स्वयंपाक करण्याची सोय मिळते. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि बाहेरचे काहीही न देणे, ही पथ्ये लॉजच्या खोलीत पाळणे जवळजवळ अशक्य असते. टाटा रुग्णालयाच्याच बालकर्करोग विभागासाठी काम करणाऱ्या इम्पॅक्ट फाउंडेशनकडे औषधे, आहार, निवास आणि समुपदेशन यांबाबत विचारणा करता येते.

शाळेत जाणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना दीर्घ रजेचा अर्ज द्यावा आणि त्याची पोहोच घ्यावी, म्हणजे पटावरून नाव कमी होणार नाही.

उपचार पूर्ण झाल्यावर फाइल बंद करून माळ्यावर टाकू नये. डिस्चार्ज समरी, दिलेल्या औषधांच्या एकूण मात्रांची नोंद आणि शेवटचे अहवाल पुढील अनेक वर्षांच्या फेरतपासणीत प्रत्येक वेळी मागितले जातात, आणि त्या फेरतपासणीच्या प्रवासासाठीही रेल्वेचे सवलत प्रमाणपत्र दरवेळी रुग्णालयाकडून मागून घेता येते.