सुपरमार्केटच्या बिलातील जादा आकारणी कशी ओळखावी आणि परतावा कसा मागावा

सुपरमार्केटमधून आणलेल्या मालाचे बिल आपण क्वचितच ओळीओळीने वाचतो, आणि वाचले तरी ते कशाशी ताडून पाहायचे हे हाताशी नसते, कारण रॅकवर पाहिलेली किंमत तोपर्यंत लक्षातून गेलेली असते. ग्राहकांची बिले तपासणे आणि जादा आकारलेली रक्कम परत मिळवण्यास मदत करणे हे आमच्या छोट्या व्यवसायाचे काम आहे. त्यात चूक शोधण्यापेक्षा ती सिद्ध करणे अधिक अवघड जाते, कारण तिचा पुरावा दुकानातल्या रॅकवर असतो आणि तो फक्त खरेदी करणाऱ्यालाच, तोही त्याच दिवशी, गोळा करता येतो. तो कसा गोळा करावा आणि त्याच्या आधारे मागणी कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

चूक नेमकी कुठे होते

बारकोडमध्ये किंमत असते असा अनेकांचा समज आहे, पण पाकिटावर छापून आलेल्या बारकोडच्या बाबतीत तो खरा नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय येथील सुपरमार्केटमध्ये बारकोड स्कॅन करून पहिली वस्तू विकली गेली, तेव्हापासून मूळ व्यवस्था तीच आहे: रेघांमध्ये केवळ वस्तूचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढची किंमत दुकानाच्या संगणकातील यादीतून घेतली जाते. तेरा अंकी क्रमांकातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून हिशेबाने काढलेला पडताळणी अंक असतो, त्यामुळे स्कॅनरने एका वस्तूचा क्रमांक भलत्याच वस्तूचा म्हणून वाचण्याची शक्यता फार कमी असते. काउंटरवर ‘मशीन चुकत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते स्कॅनरपुरते बहुधा बरोबर असते. प्रश्न असतो तो संगणकातली यादी आणि रॅकवर लावलेली किमतीची पट्टी या दोन स्वतंत्र नोंदींचा. यादीतली किंमत एका आज्ञेने बदलते, तर कागदी पट्टी कोणीतरी रॅकपर्यंत जाऊन बदलावी लागते. या दोहोंमधल्या अंतरात बहुतेक तफावती जन्मतात, आणि म्हणूनच ऑफर सुरू होण्याच्या किंवा संपण्याच्या दिवशी बिल अधिक काळजीने पाहावे.

काही तफावत राहणारच, हे तपासणी करणाऱ्या यंत्रणांनीही गृहीत धरलेले आहे. अमेरिकेत वजनमापे अधिकाऱ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय तपासणी पद्धतीत, तपासलेल्या वस्तूंपैकी किमान ९८ टक्के वस्तूंची किंमत बरोबर निघाली तर दुकान उत्तीर्ण ठरते. याचा अर्थ असा की उत्तीर्ण दुकानातसुद्धा पन्नास वस्तूंच्या बिलात एखादी किंमत चुकीची असू शकते. त्या गणनेत ग्राहकाच्या फायद्याच्या चुकाही धरल्या जातात, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

बिलात काय पाहावे

सर्वाधिक सापडणारी चूक म्हणजे न लागलेली सवलत. ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ अशा ऑफरमध्ये यादीत जे क्रमांक नोंदलेले असतील तेवढ्यांनाच सवलत मिळते. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, पण वेगळ्या मापाची वस्तू त्यात बसत नाही. म्हणून पट्टीवरची बारीक अक्षरे, म्हणजे माप, प्रकार, ऑफरची मुदत आणि ‘फक्त सदस्यांसाठी’ यासारखी अट, वस्तू उचलण्यापूर्वीच वाचावी. शिवाय अनेक दुकानांच्या बिलात सवलत वस्तूसमोर न दाखवता शेवटी वजा चिन्हासह एकत्र दाखवतात. तो भाग न वाचता तक्रार केली तर ती तेथल्या तेथेच निकालात निघते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजनही कमी होते.

सुट्या मालाच्या बाबतीत चुकीचे स्वरूप वेगळे असते. तेथे विक्रेता बहुधा चार किंवा पाच अंकी कोड हाताने टाकतो, आणि एका वाणाऐवजी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या महाग वाणाचा कोड पडला की दर बदलतो. भांड्याचे किंवा डब्याचे वजन वजा झाले आहे का, हे वजनकाट्याच्या पडद्यावर पाहावे. दुकानातच वजन करून चिकटवलेल्या लेबलचा बारकोड बहुधा २ या अंकाने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम दडलेली असते. त्यामुळे अशा लेबलवरची चूक काउंटरवर आपोआप पकडली जाण्याची आशा धरू नये. लेबलवरचे वजन आणि दर यांचा गुणाकार स्वतःच करून पाहावा.

याखेरीज एकच वस्तू दोनदा स्कॅन होणे आणि नगांची संख्या चुकीची पडणे हे प्रकार नेहमीचे आहेत. बिलातली एकूण नगसंख्या आणि पिशवीतले नग जुळतात का, एवढे पाहिले तरी हे दोन्ही उघड होतात. ऑफरच्या वस्तू काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर एकत्र ठेवल्या आणि पैसे देण्यापूर्वी पडद्याकडे लक्ष ठेवले, तर पुष्कळ चुका तेथेच दुरुस्त होतात, आणि तो मार्ग परताव्यापेक्षा नेहमीच सोपा असतो.

पुरावा

आमची एकच आग्रहाची विनंती आहे: ज्या वस्तू तुम्ही किंमत पाहून घेता, विशेषतः ऑफरच्या आणि महागड्या, त्यांच्या रॅकवरच्या पट्टीचा फोटो घ्यावा. फोटोत किंमत, वस्तूचे नाव आणि माप, पट्टीवर असल्यास क्रमांक, ऑफरची तारीख आणि पट्टीखालचा माल एवढे स्पष्ट दिसले पाहिजे. केवळ किमतीचा आकडा दिसणारा फोटो फारसा उपयोगी पडत नाही, कारण ती पट्टी शेजारच्या वस्तूची होती, असे दुकान म्हणू शकते आणि कधी कधी ते खरेही असते. दुसऱ्या ग्राहकाने उचलून भलत्या जागी ठेवलेली वस्तू ही किमतीतली चूक नव्हे. बिलाचाही फोटो घेऊन ठेवावा. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि प्रकाशाने फिकट होत जाते.

मागणी कशी करावी

जादा आकारणीची रक्कम मागणे आणि माल परत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला वस्तू हवीच आहे. तुमची तक्रार फक्त जास्त घेतलेल्या रकमेविषयी आहे. म्हणून पाकीट फोडले आहे किंवा वस्तू वापरून झाली आहे, एवढ्या कारणावरून ही मागणी फेटाळली जाऊ नये. ग्राहक सेवा काउंटरवर दोष न देता वस्तुस्थिती सांगावी: ‘या वस्तूवर रॅकला ही किंमत लावलेली आहे, बिलात ही आकारली आहे, मी इतके नग घेतले आहेत, तेव्हा फरकाची रक्कम परत द्यावी.’ पट्टी अजून जागेवर असेल तर कर्मचाऱ्यासह जाऊन ती पाहावी.

फरक काढताना नगसंख्येने गुणावे, आणि किमतीवर वेगळा कर लावला असेल तर त्या फरकावरचा करही धरावा. ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने ते परत मागावेत. पुढच्या खरेदीसाठीची क्रेडिट नोट स्वीकारायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. कार्डावरील परतावा खात्यात दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे परताव्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. काही ठिकाणी फरकापेक्षा अधिक मिळते: कॅनडात २००२ पासून किरकोळ विक्रेत्यांची एक स्वेच्छा आचारसंहिता आहे, आणि तिच्यात सहभागी असलेल्या दुकानात स्कॅनरने पट्टीपेक्षा जास्त किंमत लावल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतची वस्तू मोफत दिली जाते. आपल्या दुकानाचे असे धोरण असल्यास ते सूचनाफलकावर किंवा वेबसाइटवर आढळते, म्हणून मागणीपूर्वी पाहून घ्यावे.

दुकान कोठे योग्य ठरते, हेही जाणून असावे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५३ साली असा निर्णय दिला की स्वयंसेवा दुकानात मांडलेला माल म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नसून ग्राहकाने प्रस्ताव करावा यासाठीचे निमंत्रण आहे, आणि करार काउंटरवर होतो. हे तत्त्व जेथे मानले जाते तेथे पैसे देण्यापूर्वी चूक लक्षात आल्यास दुकान कमी किमतीला विकण्याचे नाकारू शकते आणि तुम्हीही वस्तू तेथेच ठेवू शकता. परंतु न सांगता जास्त रक्कम घेतली गेली असेल, तर पट्टीवरच्या किमतीवर विसंबून वस्तू घेतल्याचे तुमचे म्हणणे तेवढ्याने निकाली निघत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या मालात ऑर्डरची पुष्टी आणि अंतिम बिल ही दोन कागदपत्रे समोरासमोर ठेवावीत. नसलेल्या वस्तूऐवजी पाठवलेली पर्यायी वस्तू, वजनानुसार बदललेली रक्कम आणि न आलेला माल या तीन जागी फरक पडतो. बँकेने आधी राखून ठेवलेली रक्कम अंतिम आकारणीपेक्षा जास्त दिसणे मात्र नेहमीचे असते आणि ती काही दिवसांत मोकळी होते.

काउंटरवर समाधान झाले नाही तर दुकानाच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवावे. पत्रात बिल क्रमांक, तारीख, वेळ, दोन्ही किमती आणि मागितलेली रक्कम असावी. रागाची वाक्ये नसावीत. फरक किरकोळ असला तरी कळवावे, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण यादीतली चूक दुरुस्त होईपर्यंत ती वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाकडून तीच जादा रक्कम घेतली जात राहते. त्यानंतरही उत्तर न आल्यास आपल्या भागातील ग्राहक संरक्षण किंवा वजनमापे कार्यालयाकडे तक्रार करता येते.

आमच्याकडे तपासणीसाठी बिल पाठवताना ते वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसेल असे पाठवावे, पट्ट्यांचे फोटो न कापता जोडावेत, आणि दुकानाशी काही बोलणे झाले असल्यास ते कोणत्या तारखेला व काय झाले हे दोन ओळींत लिहावे. कार्ड क्रमांकाचे अंक दिसत असतील तर ते पाठवण्यापूर्वी झाकावेत. तपासणीसाठी आम्हाला त्यांची गरज नसते.