दाण्यागणिक सवाब, पण चंदी वेळेवरच : आमच्या पागेतल्या घोडेमालकांसाठी

आमच्या पागेत ज्यांचे घोडे आहेत ते मालक आणि त्यांच्याबरोबर येणारी घरची मंडळी यांच्यासाठी हे पत्रक आहे. घोड्याच्या मागून जायचं नाही, लगाम ओढून धरायचा नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. इथं बोलायचं आहे ते चंदीबद्दल, म्हणजे घोड्याच्या दाण्याबद्दल.

शुक्रवारी नमाजनंतर पागेत गर्दी होते. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण एकाच्या हातात जवाची पिशवी असते, दुसऱ्याच्या हातात खजूर, लहानग्यांच्या खिशात साखरेचे खडे. प्रत्येकाला आपल्या हातानं घालायचं असतं. दुपारी गव्हाण भरून जाते आणि रात्री घोडा जमीन उकरू लागतो, कुशीकडे वळून वळून बघतो, मग आडवा होऊन लोळतो. डॉक्टर येईपर्यंत आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, त्याला फिरवत असतो. रात्र तशीच जाते आणि सकाळी बाकीच्या घोड्यांचा खरारा राहून जातो. ज्यांच्या घोड्याला खरारा झालेला नसतो त्यांचा फोनही आम्हालाच येतो.

मंडळींना दोष द्यावा तर कारण चांगलं असतं. पैगंबरसाहेबांचे साथी तमीम अद्-दारी यांची हदीस, म्हणजे त्यांनी सांगितलेलं पैगंबरसाहेबांचं वचन, बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती इब्न माजा यांच्या संग्रहात आहे, इमाम अहमद यांच्या मुसनदमध्येही आहे. अल्लाहच्या मार्गात घोडा बांधून त्याची चंदी जो स्वतःच्या हातानं सिद्ध करतो, त्याला एकेका दाण्यामागे एक सवाब, म्हणजे पुण्य. हे ऐकल्यावर कोणाचा हात आखडेल? पण शब्द नीट ऐका. मूळ अरबीत चंदी नुसती 'घालण्या'बद्दल नाही, हातानं 'तयार करण्या'बद्दल सांगितलं आहे. त्याबरोबरची हकीकत तर आणखी स्पष्ट आहे. रौह इब्न झिंबा तमीम यांच्या भेटीला गेले, तेव्हा तमीम घोड्यासाठी जव निवडत बसले होते आणि घरची माणसं भोवती होती. रौह यांनी विचारलं, हे काम यांच्यापैकी कोणी केलं नसतं का? तमीम म्हणाले, केलं असतं, पण मी पैगंबरसाहेबांकडून असं ऐकलं आहे. आणि त्यांनी ही हदीस सांगितली.

म्हणजे खडे काढणं, फोल पाखडणं, कुजका दाणा वेगळा करणं, ही ती सेवा. ती करायला कोणी पिशवी घेऊन येत नाही, कारण त्यात कंबर दुखते आणि फोटोही चांगला येत नाही.

आता घोड्याच्या पोटाकडे वळू. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर फक्त ८ ते १५ लिटरचं असतं आणि घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढंच जाणार. दाणा एकदम जास्त झाला तर लहान आतड्यात तो पुरता पचत नाही, पिठूळ भाग तसाच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथं आंबतो आणि वायू धरतो. त्यातून पोटशूळ होतो. कधी त्याचा परिणाम खुरांवर होतो, त्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. त्यातून घोडा बरा झाला तरी पूर्वीसारखा धावेलच याची खात्री नसते. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ६ ते ८ किलो कोरडा आहार पुरतो आणि त्यातला बहुतेक वाटा गवताचा असावा लागतो. दाणा एका वेळी २ किलोच्या वर जाऊ देत नाही. बसून असलेल्या घोड्याला त्याहून बराच कमी. नवा दाणा सुरू करायचा तर ७ ते १० दिवस थोडा थोडा वाढवत नेतो. शुक्रवारची पिशवी या हिशोबात कुठंच बसत नाही.

चंदीच्या खोलीला आम्ही कुलूप लावलं तेव्हा काहींना राग आला. "माझा घोडा, माझे जव, आणि मलाच बंदी?" असं एकानं तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. चंदी मोजून देणं ही आमची नवी टूम नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत मदिनेच्या शर्यतींची नोंद आहे. पैगंबरसाहेबांनी कसलेल्या घोड्यांची शर्यत हफया ते सनियतुल-विदा या ठिकाणांदरम्यान लावली, अंतर पाच-सहा मैल. न कसलेल्यांची सनियतुल-विदा ते बनू झुरैकची मशीद, जेमतेम मैलभर. अब्दुल्ला इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत होते. आता 'कसलेला' म्हणजे काय? अरबीत त्याला 'तद्मीर' म्हणतात. आधी घोड्याला खाऊन पुष्ट होऊ द्यायचं, मग चंदी कमी करत गरजेपुरती आणायची, अंगावर झुली घालून घाम काढायचा. त्यानं मांस घट्ट होतं आणि दम वाढतो. शर्यतीचा घोडा चंदी वाढवून तयार होत नव्हता, ती योग्य वेळी कमी करून होत होता. पुढं १४व्या शतकात कैरोमध्ये ममलूक सुलतान नासिर मुहम्मद याच्या पदरी असलेल्या अबू बक्र इब्न बद्र या बैतारानं, म्हणजे घोड्यांच्या वैद्यानं, घोड्यांची निगा आणि त्यांचे रोग यांवर मोठा ग्रंथ लिहिला. घोड्याचं प्रेम आणि घोड्याचं शास्त्र या परंपरेत कधी वेगळं नव्हतं. (आपण रोज बोलतो ते 'नाल' आणि 'रिकीब' हे शब्दही अरबीतूनच आले आहेत.)

घोड्याला लाड हवेत, हे आम्हालाही मान्य आहे. जरीर इब्न अब्दुल्ला सांगतात की त्यांनी पैगंबरसाहेबांना घोड्याच्या कपाळावरचे केस बोटानं पिळताना पाहिलं. कयामतपर्यंत घोड्यांच्या कपाळकेसांत भलाई बांधलेली आहे, असं पैगंबरसाहेब तेव्हा म्हणत होते. अबू दाऊद यांच्या संग्रहात तर घोडे पाळा, त्यांच्या कपाळावरून आणि पुठ्ठ्यांवरून हात फिरवा, असं थेट सांगितलं आहे. कुराणात सूरह सादमध्ये सुलेमान अलैहिस्सलाम यांच्यापुढे संध्याकाळी घोडे आणले जातात. त्यांनी त्या घोड्यांच्या पायांवरून आणि मानेवरून हात फिरवला, असा त्या आयतीचा एक जुना अर्थ आहे. तेव्हा हात रिकामे घेऊन या आणि घोड्याच्या अंगावरून फिरवा. हातातून खाऊ मिळतो हे कळलेला घोडा पुढच्या वेळी बोट चावतो, आणि ते बोट बहुधा लहान मुलाचं असतं.

आणखी काही प्रश्न वारंवार येतात, ते थोडक्यात. आयाळ, शेपूट आणि कपाळावरचे केस आम्ही कापत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. अबू दाऊद यांच्याकडे याबद्दल हदीस आहे: शेपूट हा घोड्याचा माश्या वारण्याचा पंखा, आयाळ ही त्याची ऊब. धर्माचं सोडा, माश्यांच्या दिवसांत शेपूट छाटलेला घोडा एकदा बघा. गळ्यात दोरे-ताईत बांधू नका. धनुष्याच्या दोरीचे गळपट्टे जनावरांच्या गळ्यातून काढायला सांगितल्याची हदीस आहे, आणि खुंटीला अडकून गळा आवळायला एक दोरा पुरतो. तोंडावर डाग देणं किंवा मारणं आमच्याकडे चालत नाही. त्याचीही मनाई आहे. घोड्याच्या घामानं कपडे नापाक होत नाहीत. लीद आणि मूत्राबद्दल मजहबांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांत, मतभेद आहेत, ते तुमच्या इमामांना विचारा. स्वारीच्या घोड्यावर जकात नाही, विक्रीसाठी पाळलेल्यांचा हिशोब वेगळा, पैदाशीच्या कळपाबद्दल इमाम अबू हनीफांचं मत वेगळं. तेही आलिमांकडेच न्या, आम्ही नालबंदीच्या पावत्या देऊ.

आणि मोबाइलवर फिरणारी ती पाच घोड्यांची गोष्ट. तहानलेल्या घोड्या पाण्याकडे धावल्या, हाक येताच पाचच परतल्या, सगळे अरबी घोडे त्यांचे वंशज, वगैरे. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या सहा प्रमुख संग्रहांत ती नाही. घोडा विकणारा तिच्या बळावर किंमत वाढवू लागला, तर आधी घोड्याचे दात बघा. खरेदीला जाताना आम्हाला बरोबर घेतलंत तर तेही आम्ही बघतो.

आता थोडं अवघड बोलायचं. अबू हुरैरांच्या हदीसमध्ये घोडे तीन प्रकारचे सांगितले आहेत: एकाला सवाब, एकाला आडोसा, एकाला ओझं. ओझं कोणाला, तर जो मिरवण्यासाठी पाळतो त्याला. 'अल्लाहच्या मार्गात' ही अट आजच्या हौसेच्या घोड्याला किती लागू होते, हे ठरवणारे आम्ही नाही. पण महिनोन्‌महिने न येणारा मालक आणि शुक्रवारी पिशवीभर जव ओतून फोटो काढून जाणारा मालक, दोघांचे घोडे आम्ही सांभाळतो आणि दोघांची काळजी वाटते. हजरत उमर यांनी दान दिलेला घोडा घेणाऱ्यानं हालात ठेवला. तेव्हा उमर यांना तो परत विकत घ्यावासा वाटला. दान परत घेऊ नये म्हणून पैगंबरसाहेबांनी त्यांना अडवलं. आम्हाला त्या हकीकतीत एवढंच दिसतं की दिलेल्या घोड्यावरही उमर यांची नजर होती. घोडा आमच्या पागेत असला तरी तुमची नजर असू द्या. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आम्ही रोजचा खरारा, फिरवणं आणि आठवड्याची हालहवाल यांची वेगळी सोय ठेवली आहे. मोतद्दाराला विचारा, तो सांगेल.

घरून जव आणायचेच असतील तर आणा, पण गव्हाणीत न ओतता चंदीच्या खोलीत द्या. पिशवीवर घोड्याचं नाव लिहा. ते तुमच्याच घोड्याला जातील, मोजून आणि वेळेवर. सकाळच्या चंदीचे जव आदल्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर निवडायला घेतो. सुपं दाराशीच ठेवलेली असतात, बसायला चटई आहे, मुलांनाही हे काम जमतं.