जपानी-कॅनडियनांचे सक्तीचे विस्थापन

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनारपट्टीवरून जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांचे करण्यात आलेले सक्तीचे स्थलांतर. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक जन्माने वा नागरिकत्व स्वीकारून कॅनडाचेच नागरिक होते.

या घटनेच्या संज्ञेविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. ‘स्थानबद्धता’ हा शब्द रूढ असला, तरी काटेकोर कायदेशीर अर्थाने तो शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना लागू पडतो. आँटॅरिओतील अँगलर येथे काटेरी कुंपणाआड ठेवलेल्या पुरुषांपुरता तो यथार्थ म्हणता येईल. तत्कालीन सरकारी कागदपत्रांतील ‘इव्हॅक्युएशन’ हा शब्द संकटातून सुरक्षित जागी हलविल्याचा भास निर्माण करतो, म्हणून तो दिशाभूल करणारा आहे. ज्या कुटुंबांना परतण्यासाठी घरच उरले नाही, त्यांच्या बाबतीत ‘विस्थापन’ हीच संज्ञा अधिक न्याय्य वाटते.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर (७ डिसेंबर १९४१) जपानी-कॅनडियनांच्या सुमारे १,२०० मासेमारी नौका अडकवून ठेवण्यात आल्या. २४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानुसार किनाऱ्यापासून १०० मैलांचा (सुमारे १६० किमी.) पट्टा रिकामा करण्यात आला. सरकारने लष्करी गरजेचे कारण दिले. मात्र लष्कर व पोलीस दलातील वरिष्ठांना ही गरज भासली नव्हती आणि एकाही जपानी-कॅनडियनावर घातपाताचा गुन्हा सिद्ध झाला नाही. त्यामुळे प्रांतात आधीपासून मुरलेला वर्णद्वेष व मासेमारी-शेतीतील स्पर्धा हेच मूळ कारण मानणारे मत अधिक ग्राह्य ठरते.

प्रौढाला १५० पौंड सामान नेण्याची मुभा होती. अनेक कुटुंबे प्रथम व्हँकूवरच्या हेस्टिंग्ज पार्कमधील गुरांच्या गोठ्यांत ठेवली गेली. पुरुषांना रस्तेबांधणीच्या छावण्यांत धाडले. बायकामुले प्रांताच्या अंतर्भागातील स्लोकन खोऱ्यातील ओस पडलेल्या खाणगावांत गेली, तेथे पुष्कळदा दोन कुटुंबांत एकच स्वयंपाकघर असे. एकत्र राहण्यासाठी काही कुटुंबांनी अल्बर्टा व मॅनिटोबातील साखरबीटच्या शेतांवर राबणे पत्करले.

घरे, शेते व नौका शत्रुमालमत्ता अभिरक्षक या सरकारी अधिकाऱ्याकडे विश्वस्त म्हणून सोपविल्या होत्या. परंतु जानेवारी १९४३ च्या आदेशाने मालकांच्या संमतीविना त्या विकण्याची मोकळीक मिळाली आणि आलेल्या रकमेतून मालकांच्याच निर्वाहाचा खर्च वळता करण्यात आला. विस्थापनाला कायमचे रूप आले ते या विक्रीमुळे.

१९४५ मध्ये रॉकी पर्वताच्या पूर्वेस जाणे किंवा जपानला जाणे, एवढेच पर्याय देण्यात आले. १९४६ मध्ये सुमारे ४,००० जण जपानला पाठविले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक कॅनडात जन्मलेले होते. किनाऱ्यावर परतण्याची बंदी १ एप्रिल १९४९ रोजी उठली. २२ सप्टेंबर १९८८ रोजी कॅनडा सरकारने चूक मान्य करून हयात पीडितांना प्रत्येकी २१,००० डॉलर देऊ केले.